प्रश्न चालीचा आहे

आज पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना ‘बोनी एम’ हे नाव नव्याने सांगावयास नको. १९७८ साली या गायकवृंदाने ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ हे गाणे जगभर गाजविले आणि पुढे कित्येक वर्षे कॅसेटच्या रूपाने ते आपल्याकडेही वाजत राहिले. लग्नाच्या हॉलमध्ये वाजले, स्नेहसंमेलनात त्यावर नाच बसविले गेले आणि, लिहावयास संकोच वाटतो, पण गणेशोत्सवाच्या मांडवांनीही ते वर्ज्य मानले नाही. त्या गाण्याचे शब्द कोठले, हे नाचणाऱ्यांपैकी क्वचितच कोणाला ठाऊक असेल. ते शब्द बायबलच्या स्तोत्रसंहितेतील १३७व्या स्तोत्राचे आहेत. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात बाबिलोनच्या राजाने जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले आणि ज्यूंना बंदिवान करून आपल्या देशी नेले. तेथे नदीकाठी बसून ते आपल्या नगरीच्या आठवणीने रडतात, जेते त्यांना ‘तुमची गाणी म्हणून दाखवा’ असे खिजवितात आणि परक्या भूमीत परमेश्वराचे गीत गावे कसे, हा प्रश्न त्यांना पडतो, असा त्या स्तोत्राचा विषय. १९७० साली जमैकातील गायकांनी त्याला चाल लावली. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या त्या वंशजांना बंदिवासाचे दुःख कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती. तेथून ते गाणे युरोपात गेले आणि युरोपातून आमच्या मांडवात आले.

मंदिर गमावलेल्या एका समाजाचा अडीच हजार वर्षांपूर्वीचा विलाप ज्या लोकांचा त्याच्याशी काडीमात्र संबंध नाही, त्यांच्याही ओठांवर येतो. अर्थ न कळता येतो, श्रद्धा नसता येतो. हे सामर्थ्य चालीचे आहे. आणि नेमक्या याच सामर्थ्याकडे गेल्या दोन पिढ्यांत हिंदू समाजाने, विशेषतः आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गाने, पाठ फिरविली आहे, हे या लेखाचे म्हणणे आहे.

२०२४ च्या मे महिन्यातील वाद वाचकांच्या स्मरणात असेल. राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात मनाचे श्लोक आणि भगवद्गीतेचा बारावा अध्याय यांच्या पाठांतराचा उल्लेख आला आणि एकच गहजब झाला. शिक्षणाचे भगवेकरण, मुलांवर धर्माची सक्ती, घोकंपट्टीचे पुनरागमन, सारे ठरलेले शब्द ठरलेल्या क्रमाने बाहेर आले. त्यांना उत्तर देताना आपल्या बाजूनेही ठरलेलीच शस्त्रे बाहेर काढली : संस्कार, अस्मिता, उच्चारशुद्धी, स्मरणशक्ती. दोन्ही पक्षांचे पुष्कळ लिखाण या लेखकाने व्यवसायाचा भाग म्हणून वाचले. त्यात एक प्रश्न कोणी विचारल्याचे आढळले नाही. मुले हे श्लोक कोणत्या चालीवर म्हणणार? त्यांना ती चाल कोण शिकविणार? शिक्षकांना ती येते काय?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. तो तसा नाही, हे पाहावयाचे असेल तर ज्यांच्या धर्मप्रसाराविषयी आपण नित्य तक्रार करतो, त्यांनीच हा प्रश्न किती गांभीर्याने घेतला, याकडे डोळसपणे पाहिले पाहिजे.

बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या एकतिसाव्या अध्यायात एक प्रसंग आहे. मोशे वृद्ध झाला आहे, लोकांना तो लवकरच सोडून जाणार आहे. परमेश्वर त्याला सांगतो की हे लोक पुढे मला विसरतील, परक्या देवांच्या नादी लागतील. म्हणून तू एक गीत लिही आणि ते त्यांच्या तोंडी घाल. संकटे कोसळतील तेव्हा तेच गीत त्यांच्याविरुद्ध साक्ष देईल, कारण त्यांच्या संततीच्या मुखातून ते जाणार नाही. ग्रंथ हाती असताना गीताची आज्ञा व्हावी, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ज्ञानी माणसे नियम विसरतात, गाणे विसरत नाहीत, हे त्या परंपरेला फार पूर्वी उमगले होते. त्याच स्तोत्रसंहितेतील ११९व्या स्तोत्राचे १७६ चरण हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांवर प्रत्येकी आठ असे बांधलेले आहेत. ही केवळ कवीची हौस नव्हे, म्हणणाऱ्याच्या स्मरणाला दिलेली काठी आहे. पुढे ज्यू पंडितांनी दहाव्या शतकापर्यंत पवित्र ग्रंथाच्या शब्दाशब्दावर स्वरचिन्हे निश्चित केली. आपल्या उदात्त-अनुदात्त-स्वरितांची आणि पद, क्रम, जटा, घन या पाठांची आठवण येथे कोणाही हिंदूला होईल. मार्ग वेगळे, हेतू एकच : शब्द ढळू नये.

ख्रिस्ती मठांत संत बेनेडिक्टच्या नियमाप्रमाणे दीडशेच्या दीडशे स्तोत्रे आठवड्यातून एकदा गाऊन पुरी होत. पण ते संन्याशांचे गायन, तेही लॅटिनमध्ये. देवळात आलेला शेतकरी, सुतार, त्याची बायको, ही मंडळी ऐकत उभी असत. सोळाव्या शतकातील सुधारकांनी बंड केले ते येथे. जिनिव्हाच्या कॅल्व्हिनविषयी आपल्याकडे फारसे ममत्व असण्याचे कारण नाही. माणूस कठोर होता, त्याचे शासनही कठोर होते. परंतु १५३७ साली त्याने नगराच्या सभेपुढे जी कलमे मांडली, त्यांतील एक मोठे मार्मिक आहे. लोकांना स्तोत्रे गाता येत नाहीत ना? मग आधी मुलांना शिकवा. मुलांनी देवळात स्पष्ट, मोठ्या आवाजात गावे, वडीलधाऱ्यांनी लक्ष देऊन ऐकावे आणि हळूहळू त्यांच्यामागून म्हणू लागावे. पुढे पंचवीस वर्षे कवी आणि संगीतकार या कामी राबले. क्लेमाँ मारो आणि थिओडोर बेझा यांनी स्तोत्रांना फ्रेंच वृत्तांत बांधले, लुई बुर्ज्वासारख्यांनी चाली दिल्या आणि १५६२ साली दीडशेही स्तोत्रांचे चालींसह पुस्तक छापून निघाले. देवळात गायन एकस्वरात, वाद्याविना. अट एकच : ज्याला संगीताचा गंध नाही, त्यालाही गाता आले पाहिजे. या स्तोत्रांनी काय घडविले, ते १५८७ साली कूत्रा येथे दिसले. फ्रान्समधील प्रॉटेस्टंटांच्या तुकड्या रणांगणावर गुडघे टेकून ११८वे स्तोत्र गायल्या आणि उठून लढाई जिंकल्या.

स्कॉटलंडची गोष्ट तर आपल्याला अधिक जवळची वाटावी. तेथील १६५० च्या स्तोत्रपुस्तकातील बहुतेक स्तोत्रे एकाच सोप्या वृत्तात आहेत : आठ अक्षरे, सहा अक्षरे, पुन्हा आठ, पुन्हा सहा. परिणाम असा की त्या मापाची एक चाल आली की शंभराहून अधिक स्तोत्रे गाता येतात आणि कोणतेही स्तोत्र मनाला येईल त्या चालीवर म्हणता येते. आमच्या अभंगाचे गणित याहून निराळे आहे काय? सहा, सहा, सहा, चार. तुकोबांचे चार चरण ज्या चालीवर बसले, त्या चालीवर नामदेवांचे बसतात, जनाबाईंचे बसतात, चोखोबांचे बसतात. पंढरीच्या वाटेवर लाखोंचा समुदाय एका सुरात गातो, तो कोणा संगीत विद्यालयातून शिकून आलेला नसतो. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवर आजही गेलिक भाषेतील स्तोत्र एकजण ओळीने सांगतो आणि सारे देऊळ ती ओळ उचलते. कीर्तनकार आणि टाळकरी यांचे नाते ज्याने पाहिले आहे, त्याला ते दृश्य परके वाटणार नाही.

या साऱ्यात भाषांतराचा एक पेच होता. वचन शब्दशः ठेवावे तर ते गाता येत नाही, गाण्याजोगे करावे तर शब्द बदलतो. अमेरिकेत वसाहत करणाऱ्या प्युरिटनांनी १६४० साली जे स्तोत्रपुस्तक छापले, ते त्या देशात छापलेले पहिले पुस्तक मानले जाते. त्याच्या कर्त्यांनी प्रस्तावनेतच सांगून टाकले की आम्ही काव्यसौंदर्यापेक्षा मूळाशी इमान राखले आहे. ओळी ओबडधोबड झाल्या, त्यांना त्याचे वैषम्य वाटले नाही. उलट इंग्लंडच्या आयझॅक वॉट्सने १७१९ साली स्तोत्रांचा गाभा घेऊन शब्द आपले घातले आणि कित्येक मंडळ्यांत त्यावरून फूट पडली. वचन गायचे की वचनावरचे गाणे गायचे, या प्रश्नावर माणसांनी देवळे वेगळी केली. आपल्याला हा अतिरेक वाटेल. पण ज्या समाजात ‘काय गावे’ यावरून भांडण होते, तो समाज निदान गातो तरी.

आता महाराष्ट्र आणि गोवा. या विषयाचा आपल्याला बोचणारा भाग येथे आहे.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेखालील तिसवाडी, बारदेश आणि साष्टीत देवळे पाडली गेली, सण-उत्सवांवर बंदी आली, पुराणांच्या पोथ्या हिरावून घेतल्या गेल्या आणि १५६० साली इन्क्विझिशन आले. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात रोमी लिपीत उतरविलेल्या मराठी-कोकणी रामायण-महाभारत कथांची हस्तलिखिते आजही आहेत. घरातली पोथी गेली, तिची नक्कल समुद्रापार पोहोचली. या पार्श्वभूमीवर १५७९ साली फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेसुइट गोव्यात आला, चाळीस वर्षे राहिला आणि १६१६ साली राचोल येथे त्याचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. पहिले पुराण, दुसरे पुराण, मिळून सुमारे अकरा हजार ओव्या. असा ग्रंथ का हवा होता, याचे उत्तर ग्रंथातच आहे. बाटलेल्यांपैकी एक ब्राह्मण पाद्रीला विनवितो की पूर्वीची पुराणे आम्हांला मना केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला वाचावयास दुसरे काही का देत नाही?

या एका विनवणीचे मोल कोणत्याही समाजशास्त्रीय प्रबंधाहून अधिक आहे. देव बदलला, नाव बदलले, पोशाख बदलला. ओवीची भूक बदलली नाही. स्टीफन्सने ती ओळखली. बायबलमधील कथा त्याने गद्य प्रवचनात सांगितल्या नाहीत, लॅटिन स्तोत्रांत कोंबल्या नाहीत, ज्ञानोबा-एकनाथांच्या मापात घातल्या. पुढे पिढ्यान्‌पिढ्या त्या देवळांत आणि घरांत म्हटल्या गेल्या. छापील प्रती नष्ट झाल्यावर हस्तलिखितांतून टिकल्या आणि १९०७ साली मंगळूरला पुन्हा छापल्या गेल्या. ज्यांनी पोथ्या हिरावल्या, त्यांचा अन्याय याने पुसला जात नाही. तो तसाच नोंदवून ठेवला पाहिजे. पण चालीचे मर्म जाणण्याच्या बाबतीत त्या परदेशी पाद्र्याला नावे ठेवता येणार नाहीत.

दुसरा टप्पा अहमदनगरचा. अमेरिकन मराठी मिशनच्या देवळांत आरंभी इंग्रजी स्तोत्रांची मराठी भाषांतरे इंग्रजी चालींवर गायली जात. मराठी शब्दांची त्यांत किती ओढाताण होत असेल, याची कल्पना करावी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे ख्रिस्ती कीर्तने सुरू झाली, कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी ती गावोगाव केली. आणि मग आले रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा कवी तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे सांगत असे. त्यांच्या धर्मांतराने त्या काळच्या हिंदू समाजाला, त्यांच्या स्वतःच्या कुटुंबाला किती यातना झाल्या, हे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’नी घरोघर पोहोचविले आहे. देशप्रेमाच्या कविता लिहिणारे टिळक अखेरीस मिशनच्या पगारी चाकरीलाही कंटाळले आणि १९१७ मध्ये ती सोडून सातारला ‘देवाचा दरबार’ उभारण्याच्या प्रयत्नाला लागले. अशा माणसाला एका शब्दात निकालात काढता येत नाही. त्यांनी केले ते असे : मराठी ख्रिस्ती देवळात अभंग, ओवी, टाळ आणि मृदंग आणले. शेकडो पदे रचली. ‘ख्रिस्तायन’ आरंभिले, जे लक्ष्मीबाईंनी पुढे पूर्ण केले. आजही मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात टिळकांची पदे मोठ्या संख्येने आहेत आणि ती गाणाऱ्याला पुस्तक उघडावे लागत नाही.

यावर आपल्या कार्यकर्त्यांची नेहमीची प्रतिक्रिया ठाऊक आहे. त्यांनी आपला अभंग पळविला, कीर्तन चोरले, आरती चोरली. ही फसवणूक आहे, भोळ्या माणसाला आपलेच वाटावे म्हणून पांघरलेले कातडे आहे. आमिष दाखवून, आजाऱ्याला चमत्काराची आशा लावून धर्मांतर घडविले जाते, तेथे या आक्षेपाला पूर्ण अर्थ आहे आणि तेथे तो ठणकावून मांडलाच पाहिजे. पण अभंगाच्या बाबतीत तो मांडताना थोडे थांबावे. ओवी जात्यावर जन्मली. तिचे सनदपत्र कोणाच्या नावे नाही. कोकणातील बेने इस्राएल समाजाचे उदाहरण घ्या. १८८० च्या सुमारास मुंबईतील या मराठी ज्यूंनी आपल्या धर्मग्रंथातील आख्यानांची कीर्तने मराठीत सुरू केली, त्यासाठी ओवी, साकी, दिंडी, अभंग सारे वापरले. अब्राहाम आणि योसेफ यांची आख्याने नारदाच्या गादीवरून झाली. त्यांनी कोणाला बाटविले नाही, बाटविणे त्यांच्या धर्मातच नाही. तेव्हा आपण म्हणालो का, की चोरी झाली? उलट त्याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि वाटावा.

या बेने इस्राएलांचीच आणखी एक कथा या विषयाच्या गाभ्याशी जाते. ही मंडळी कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके तेल गाळीत राहिली. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटले. त्यांच्यापाशी ग्रंथ उरला नव्हता, हिब्रू भाषा उरली नव्हती, धर्मगुरू नव्हता. एक वचन तेवढे उरले होते : ‘शेमा’, देव एक आहे असे सांगणारे. जन्माला, सुंतेला, लग्नाला, मृत्यूला ते म्हणत. पुढे बाहेरच्या ज्यूंशी गाठ पडली, तेव्हा त्या वचनाने ओळख पटण्यास मदत झाली. एवढे सारे गेले आणि पाठ असलेले राहिले. ज्यांना पाठांतर ही बुद्धीची शत्रू वाटते, त्या आपल्या पुरोगामी मित्रांनी या तेल्यांकडे एकदा पाहावे.

मग आपण काय केले? प्रथम, शाळेतून पाठांतर हद्दपार होऊ दिले. घोकंपट्टी आणि पाठांतर यांतील भेद कोणी सांगितलाच नाही. तळपायाची आग मस्तकात नेणारी घोकंपट्टी आपल्या शाळांत भरपूर आहे. इतिहासाच्या उत्तरपत्रिका तिच्यावरच लिहिल्या जातात. ती परीक्षेपुरती असते आणि परीक्षेनंतर तासाभरात नाहीशी होते. शब्द चालीवर चढला की तो वेगळ्या ठिकाणी जाऊन बसतो. वार्धक्यात मुलांची नावे विसरलेली आजी रामरक्षा अडखळल्याशिवाय म्हणते, हे पुष्कळ घरांनी पाहिले असेल.

दुसरे, आपण गाण्याची जागा ऐकण्याला दिली. हा दोष सरकारचा नाही, पुरोगाम्यांचा नाही, मिशनऱ्यांचाही नाही. तो आपला आहे. १९५५ साली रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. माडगूळकर-फडक्यांची ती छप्पन्न गीते हा मराठी घराचा ठेवा झाला. लोक रेडिओभोवती जमत, वर्तमानपत्रातून शब्द उतरवून घेत आणि पुढच्या आठवड्यात गुणगुणत. फडक्यांच्या चाली सुबोध होत्या. आईला स्वयंपाक करताना म्हणता येत. पुढे संतवाणीला थोर गायकांचा कंठ लाभला. त्या गायनाविषयी अधिक-उणे लिहिण्याची पात्रता या लेखकाची नाही. परंतु त्याचा एक परिणाम झाला, तो नोंदविला पाहिजे. अभंग मैफलीत गेला, त्यावर टाळ्या पडू लागल्या आणि घरातल्या साध्या गळ्याला स्वतःची लाज वाटू लागली. ‘आपल्याला कुठे तसे येते’ म्हणून लोक गप्प झाले. पहाटे मोबाईलवर विष्णुसहस्रनाम लागते, संध्याकाळी रामरक्षा लागते, घरातील सारी माणसे आपापल्या कामात असतात. यंत्र म्हणते, घर ऐकतही नाही. आरतीसुद्धा आता स्पीकरवर लावून तिच्यामागे टाळ्या वाजविणारी मंडळे आहेत.

चर्चलाही हा रोग जडतो. हँडेलच्या ‘मसाया’त पहिल्यापासून अखेरपर्यंत बायबलचीच वचने आहेत. १७४२ मध्ये डब्लिनला त्याचा पहिला प्रयोग झाला; तेव्हापासून ते ऐकून भारावलेले असंख्य, पूर्ण गाऊ शकणारे थोडे. अलीकडे अमेरिकी चर्चमध्ये दिव्यांचा लखलखाट आणि गिटारींचा गजर यांत लोक मुके उभे राहतात, अशी तक्रार तेथलीच माणसे करतात. आणि म्हणूनच तेथे १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून एक उलटी चळवळही दिसते. न्यूझीलंडमधील काही गायकांनी बायबलमधील वचने, शब्द शक्यतो न बदलता, चार-सहा ओळींच्या साध्या चालींत बांधली. लहान मुलांसाठी तर अशा वचनगीतांचे संच पुढे ठिकठिकाणी निघाले. गाडीतून शाळेत जाताना मूल गाणे म्हणते आणि वचन पाठ होऊन जाते. दीडशे स्तोत्रांना चाली लावणाऱ्या जिनिव्हाचेच हे नवे रूप.

तिसरी गोष्ट स्पर्धेची, आणि ही आपल्या संस्थांना लागू आहे. पाठांतर म्हटले की आपल्याला स्पर्धाच सुचते. श्लोक किती, वेळ किती, चुका किती, पहिला क्रमांक कोणाचा. करंडक, प्रमाणपत्र, छायाचित्र. मार्क ट्वेनने १८७६ साली ‘टॉम सॉयर’ या कादंबरीत याची अशी काही फजिती केली आहे की ती आपल्या प्रत्येक संस्कारवर्गाच्या चालकाने वाचावी. रविवारच्या शाळेत दोन वचने पाठ केली की एक निळे तिकीट, दहा निळ्यांचे एक तांबडे, दहा तांबड्यांचे एक पिवळे आणि दहा पिवळी जमली की बायबलची प्रत बक्षीस. दोन हजार वचने! टॉम एवढी वचने पाठ करीत नाही. मित्रांना गोट्या-गोळ्या देऊन तिकिटे गोळा करतो आणि ऐन पाहुण्यांसमोर बक्षीस घेतो. येशूच्या पहिल्या दोन शिष्यांची नावे विचारल्यावर तो उत्तर देतो : दावीद आणि गल्याथ. आपल्या करंडकवाल्या मुलांना स्पर्धेनंतर सहा महिन्यांनी तोच अध्याय म्हणावयास सांगून पाहावे. किती जणांना येईल, हे चालकांनी स्वतःच तपासावे.

समर्थांनी मनाचे श्लोक स्पर्धेसाठी रचले नाहीत. परंपरा सांगते की शिष्यांनी भिक्षेला जाताना दारोदार म्हणावेत म्हणून ते झाले. भुजंगप्रयाताची चाल ही चालण्याची चाल आहे, पावलाबरोबर ती पुढे जाते. विनोबांनी गीताई लिहिली तीही संस्कृत न कळणाऱ्या आईच्या इच्छेसाठी. आई १९१८ सालीच गेली होती. १९३० च्या ऑक्टोबरात त्यांनी लेखणी उचलली आणि पुढच्या फेब्रुवारीत ती खाली ठेवली. मूळाशी इमान आणि तोंडी बसणारी लय यांचा जो मेळ प्युरिटनांना साधला नाही, तो येथे साधला आहे. शब्द संस्कृताच्या इतक्या जवळ आणि तरी शेतकऱ्याच्या बायकोला म्हणता यावेत असे. एवढे भांडवल घरात असताना आपण अभ्यासक्रमाच्या मसुद्यावर भांडतो.

शाखेवर वाढलेल्या कोणालाही हे पटवून देण्याची गरज पडू नये. संघाचे गीत एकजण सांगतो, बाकीचे मागून म्हणतात. ध्वनिक्षेपक नाही, वाद्य नाही, आवाज फाटका असला तरी कोणी हसत नाही. चाळीस वर्षांपूर्वी शाखा सोडून परदेशी गेलेला माणूस ती गीते अजून म्हणतो. हीच रीत गीताईला, हरिपाठाला, मनाच्या श्लोकांना का लावली जात नाही? २०२० च्या टाळेबंदीत संगणकावरून गीतापठणाचे वर्ग सुरू झाले आणि हजारो प्रौढ माणसांनी आपला गळा पुन्हा उघडला. ते स्वागतार्ह आहे. पण पडद्यावर ज्याचा त्याचा आवाज बंद ठेवून म्हणावे लागते. एकमेकांचा सूर ऐकू येत नाही, आणि मागून म्हणणे हे त्याशिवाय शिकता येत नाही.

चालींचे काय, हाही प्रश्न राहतो. मनाच्या श्लोकांची सज्जनगडावरची धाटणी वेगळी, कोकणातली वेगळी, विदर्भात कानावर येते ती आणखी वेगळी. हरिपाठाच्या चाली फडाफडांनुसार बदलतात. जात्यावरच्या ओव्यांच्या चाली ज्या बायकांना येत होत्या, त्यांच्यातील पुष्कळ आता नाहीत. जिनिव्हाने पंचवीस वर्षे माणसे बसवून चाली निश्चित केल्या. आपल्याला निश्चित करावयाच्याही नाहीत, आहेत त्या उतरवून घ्यावयाच्या आहेत. त्यासाठी सरकारी समिती लागत नाही. प्रत्येक तालुक्यात ऐंशी ओलांडलेली दोन-चार माणसे असतात. त्यांच्यासमोर नातवंडांना बसवावे आणि ध्वनिमुद्रण मागाहून करावे, आधी मुलांनी मागून म्हणावे. मनाचे श्लोक दोनशे पाच आहेत. रोज एक धरला, तर यंदाच्या गुढीपाडव्याला आरंभ केलेले घर दसरा-दिवाळीच्या सुमारास शेवटच्या श्लोकाला पोहोचते. ऐंशीच्या घरातील त्या माणसांपैकी तोवर किती असतील, हे कोणी सांगावे.